उदयराज यांचा श्रीलंका दौरा

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ९.४०
(पहाटे पाचला उठून लिहायचं ठरलं होतं. थंडी.)

नवं वर्ष, नवी डायरी. बियाण्याच्या कंपनीनं दिलेली. प्रत्येक पानाखाली कपाशीवरच्या एकेका किडीचं चित्र आहे. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

यंदा संकल्प एकच, पण मोठा. सहकुटुंब परदेश दौरा.

२० फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. लग्नाच्या चौथ्या दिवशी मी वंदनाला शब्द दिला होता की तुला समुद्र दाखवीन. तिनं तो अजून पाहिलेला नाही. यात माझा दोष नाही. एकदा गोव्याचं पक्कं झालं तर बोंडअळी आली. एकदा अलिबागचं झालं तर माझी दाढ. मला वाटलं ती विसरली असेल. परवा टीव्हीत कुठल्याशा बीचवर सूर्य बुडत होता आणि ही मेथी निवडता निवडता टीव्हीलाच म्हणाली, की आपल्याले काई हे पानी दिसत नाई बापा या जन्मी. मी तिथेच खुर्चीत बसलेलो होतो. फार लागलं.

म्हणून आता साधा समुद्र नाही. परदेशातला. श्रीलंका. विमानानं कोलंबो, तिथून भाड्याची गाडी, किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला, आणि स्टिअरिंगवर मी स्वतः. नकाशा पाहिला. जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे माझ्या बाजूला येतो. वंदनाला परतीच्या वेळी दिसेल.

आमच्या बियाण्याच्या दुकानासमोरचे कृषी सेवा केंद्रवाले भगवानराव मागच्या वर्षी कंपनीच्या कृपेनं बँकॉकला जाऊन आले. एकटे. गावात, वरवट बकालच्या स्टँडवर त्यांचा फ्लेक्स दोन महिने होता. माझ्या निर्णयाशी याचा काहीही संबंध नाही.

४ जानेवारी, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता.

आज घरात जाहीर केलं. पूनम (मुलगी, खामगावला बँकेत) आलेली होती. म्हणाली, बाबा, आधी पासपोर्ट तर काढा, चौघांपैकी एकाकडेही नाही. पोरगी हुशार आहे, पण उत्साहावर पाणी टाकायची सवय. आई म्हणाली, लंकेत? त्या रावनाच्या गावाले? मी नाई येत बापा, माह्यं काय काम तठी. तासाभरानं तिनंच विचारलं, की सीतामाईचं अशोकवन रस्त्यात लागते काय. मी म्हणालो लागतं. नकाशात पाहिलं नव्हतं.

वंदना काहीच बोलली नाही. उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. आनंद झाला की ती अशी गप्प होते. राग आला तरी अशीच होते. पण आज आनंदच असावा, कारण जेवताना न मागता तूप वाढलं.

९ जानेवारी, गुरुवार

जळगाव जामोदला मतीनच्या नेट सेंटरवर चौघांचे पासपोर्टचे फॉर्म भरले.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. माझं नाव उदयराज. पूर्वीचं उकंडराव. माझ्याआधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून मी जन्मल्याबरोबर आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, मग उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. म्हणजे देवाला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे, राहू द्या. युक्ती लागू पडली. मी बावन्न वर्षांचा आहे. पण कंपनीच्या मीटिंगमध्ये 'उकंडराव' म्हणून पुकारा झाला की बाहेरचे डीलर वळून पाहतात. माणसाची काही पर्सनॅलिटी असते. तीन वर्षांपूर्वी रीतसर गॅझेट करून उदयराज झालो. आधारवरही बदल केला. वंदनाला आणि पूनमला माहीत आहे. आईला सांगायचं राहिलं. गावातही जाहीर करायचं राहिलं. योग्य वेळ यावी लागते.

तर फॉर्ममध्ये प्रश्न होता, की तुम्ही कधी दुसऱ्या नावानं ओळखले जात होता काय. मतीन म्हणाला, काका, इथं 'हो' करून टाकू, उकंडराव लिहू, गॅझेटचा कागद जोडू, झंझट खतम. मी म्हणालो 'नाही' कर. परदेशात जायचं तर एकाच नावानं, ताठ मानेनं जायचं. त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी ठाम होतो.

१२ जानेवारी, रविवार

ड्रायव्हिंगचा सराव सुरू. एरवी मी मोटरसायकलवाला, गाडी पूनम आली की चालवते. पण चालवणं अंगात असतं, ते जात नाही.

संग्रामपूर रोडला गेलो. वंदना शेजारी. मी तिला म्हणालो, समज, उजवीकडे समुद्र आहे. दाखवायला हात खिडकीबाहेर काढला, तेवढ्यात समोरून म्हशी. गाडी डावीकडे नालीत. वंदनाला काही लागलं नाही. उतरून पदर झटकत म्हणाली, आत्ताच समुद्रात घातलं असतं तुमी सगळ्याइले. ट्रॅक्टरनं गाडी काढली. बघायला वीसेक लोक जमले होते, त्यामुळे लंकेचं गावात कळलं. मी मुद्दाम सांगितलं नाही. नालीत कसे गेलात असं विचारल्यावर कारण सांगावंच लागलं.

निष्कर्ष: ब्रेक ढिले आहेत. गाडीचे.

१६ जानेवारी

शेजारी रहेमतुल्ला टेलर, माझ्या वर्गातला. त्याच्याकडे बीचसाठी फुलाफुलांचा शर्ट टाकला. कापड मीच निवडून नेलं. रहेमतुल्ला म्हणाला, हे तर पडद्याचं कापड हाय बे. मी म्हणालो तू शिव.

पोट कमी करायचं म्हणून संध्याकाळचं जेवण बंद केलं. मग रात्री लाडू खाल्ले. लाडू जेवणात धरत नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

पासपोर्टच्या ऑफिसात चौघं जाऊन आलो. फोटो काढताना हसायचं नाही असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. वंदना हसली. पुन्हा काढला, पुन्हा हसली. मॅडमही हसायला लागल्या. चौथ्या वेळी जमलं. आईच्या बोटांचे ठसे उठेनात, निंदून-वेचून बोटं गुळगुळीत झालेली. शेवटी कशीबशी उठली. माझं सगळं पहिल्या झटक्यात झालं.

येताना वंदनानं विचारलं, की समुद्राच्या पान्यात उभं राह्यलं तर पायाखालची वाळू सरकते म्हणतात, खरं हाय काय. मी म्हणालो दाखवतो ना.

२९ जानेवारी, बुधवार. दुपारी

नवा संकल्प: सकाळी दहा ते दोन मोबाईल बंद. मन एकाग्र होतं असं ऐकलं. आज पहिलाच दिवस. गावाबाहेर गाडी नेऊन चार तास रिव्हर्सचा सराव केला. फार शांत वाटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काय लिहू.

पोलीस व्हेरिफिकेशनला ठाण्यातून हवालदार धम्मदीप येऊन गेले. मला सहा वेळा फोन लावला म्हणे, बंद. मग त्यांनी स्टँडवर विचारलं, उदयराज कुठं राहतात. लोक म्हणाले, असा कोनी नाई आपल्या गावात. भगवानरावांना विचारलं, तेही नाही म्हणाले. पत्ता शोधत घरी आले. वंदना वावरात होती, घरी एकटी आई. वंदना उकंडराव? आई म्हणाली हाव, हे माही सून. पूनम उकंडराव? हाव, नात. शालूबाई? मीच. उदयराज?

आई म्हणाली, सायेब, कागदात कायतरी चुकलं असन, या घरात असा कोनी नाई. माह्या लेकाचं नाव उकंडा. मग सूप, उकिरडा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. चहा पाजला. हवालदार लिहून घेऊन गेले, की सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

राग कोणावर काढावा तेच कळत नाही. जेवताना आई मला म्हणे, आपल्या पत्त्यावर कोन उदयराज का फुदयराज पासपोट काढून राह्यला, जरा सांभाळून राहा बापू, जमाना खराब हाय. वंदना ताटात पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

३० जानेवारी

ठाण्यात गेलो. धम्मदीप माणूस सरळ. गॅझेट पाहिलं, आधार पाहिलं, मान हलवली. पण रिपोर्ट काल संध्याकाळीच ऑनलाइन गेला. फेरचौकशीचा अर्ज करा म्हणाले. मी विचारलं, वीस दिवसांत होईल? ते हसले नाहीत, हे मला चांगलं लक्षण वाटलं.

अर्ज केला. आता काळजीचं कारण नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पोस्टमन तीन पासपोर्ट देऊन गेला. तिघींचे. वंदनानं आपला उघडून नाकाजवळ नेला, वास घेतला, आणि साड्यांच्या कपाटात लग्नातल्या शालूखाली ठेवला.

माझी फाइल विशेष तपासणीत आहे. वजनदार माणसांच्या फाइली बारकाईनं बघतात.

पूनमनं तिकिटं काढली. १८ तारखेचं विमान, मुंबईहून. ती म्हणाली तूर्त तीनच काढू. मी चार काढायला लावली. मनात शंका आणली की कामं बिघडतात.

९ फेब्रुवारी, रविवार

गावकऱ्यांनी सत्कार समिती केली आहे. अध्यक्ष भगवानराव. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, म्हणून थांबलो.

आता या टप्प्यावर पासपोर्टचं सांगून लोकांचा हिरमोड करणं बरं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फ्लेक्स लागला. दहा बाय आठ. मी गॉगल लावून, मागे समुद्र, समुद्रात एक जहाज, कोपऱ्यात धनुर्धारी प्रभू रामचंद्र. खाली: 'मा. उकंडराव भाऊ यांना सहकुटुंब श्रीलंका दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' भगवानरावांच्या बँकॉकपेक्षा दोन फूट मोठा. मी पावलांनी मोजला.

आईला दाखवायला नेलं. तिला वाचता येत नाही. नाव कोणतं म्हणून विचारलं, मी बोट ठेवलं, तिनं त्या अक्षरांवरून हात फिरवला. म्हणे, माह्या उकंडाचं नाव केवढं लिहलं वो. देवानं पाह्यलं तं! मग एकदम घाबरून फ्लेक्सवरूनच माझी दृष्ट काढली.

उदयराजचं तिला आता कसं सांगणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मारुतीच्या पारावर सत्कार झाला. शाल, नारळ, हार. भजनी मंडळाचे राम महाराज म्हणाले, अशोकवनातली चिमूटभर माती आनजा. भगवानराव म्हणाले, की बायको-लेकराइले घेऊन, सोता गाडी चालवत परदेश पाहनारा हा तालुक्यातला पह्यला मानूस. टाळ्या. मी उत्तरात म्हणालो, हा माझा नाही, वरवट बकालचा मान आहे. पासपोर्टबद्दल कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगणार होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोबाईलवर स्टेटस पाहिला. फेरचौकशी प्रलंबित. अकरा वेळा पाहिला.

घरात बैठक घेतली. परिस्थिती मांडली, आईसमोर 'कागदाची अडचण' एवढंच म्हणालो. शेवटी विचारलं, मग आता काय करायचं. माझी कल्पना होती की वंदना म्हणेल, तुमच्याबिगर कसं जाऊ. मी थांबलो. फार थांबावं लागलं नाही. म्हणाली, मंग आमी तिघीजनी जाऊन येतो.

मी म्हणालो, जरूर जा. परवानगी दिली. तिनं मागितली नव्हती, पण देऊन ठेवली.

आई म्हणाली, उकंडाबिगर मी नाई जात. तेवढ्यात पूनम म्हणाली आज्जी, अशोकवन. आई म्हणाली बरं.

प्रश्न गावाचा. वंदना म्हणाली, खरं सांगून टाका, कोनी खात नाई तुमाले. सूचना विचारात घेतली. मग खालीलप्रमाणे ठरवलं: निरोप घ्यायचा. शेगावहून रेल्वेत सगळ्यांबरोबर बसायचं. मलकापूरला उतरायचं. तिथून बसनं जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लोणार तालुक्यात, बीबीला मेव्हणा गोकुळ आहे, त्याच्याकडे आठ दिवस. बीबीला वरवटचं कुत्रं फिरकत नाही. २४ ला परत शेगाव, तिथून सर्वांसोबत घरी. बिनचूक प्लॅन. असा प्लॅन सुचायला डोकं लागतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. बीबी

सकाळी दोन जीपभर लोक शेगाव स्टेशनपर्यंत आले. डब्याच्या दारात उभा राहून हात हलवला. गाडी सुटली. भगवानराव फलाटावरून थोडे पळालेसुद्धा.

मलकापूरला गाडी जेमतेम थांबते. मी बॅगेतून माझा टॉवेल काढेपर्यंत सुटायची वेळ झाली. वंदनानं घाईघाईत डब्यातल्या चार पोळ्या काढून कागदात दिल्या. गॉगल पूनमच्या पर्समध्ये राहिला. काहीतरी बोलायचं होतं. गोळ्या घेत जा असं काहीतरी बोललो. तिला कसल्याही गोळ्या नाहीत.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, निवडून आले काय भाऊ. तेव्हा लक्षात आलं की हार गळ्यातच आहे.

गोकुळ दारातच म्हणाला, दाजी, तुमी तं लंकेत होते ना! त्याला आत नेऊन समजावलं. तो बायकोला म्हणाला, एक ताट वाढव.

१९ फेब्रुवारी, बुधवार. बीबीची गच्ची

परतल्यावर लोक तोंड पाहणार. समुद्रावरून आलेला माणूस काळवंडलेला पाहिजे. म्हणून कालपासून अकरा ते दोन गच्चीवर खोबरेल लावून, फुलाफुलांच्या शर्टात झोपतो. गोकुळची बायको म्हणाली, दाजी वरच हायेत तं मुगवड्या वाळू घालते, कावळे हाकलत जा. पाहुण्यानं घरकामात मदत करावी या मताचा मी आहे.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी टाकलं, 'कोलंबोहून नमस्कार. हवामान उष्ण.' भगवानरावांनी विचारलं, तिकडं कपाशी आहे का. मी लिहिलं, इकडे नारळ. फोटो टाका म्हणाले. पूनमनं पाठवलेला टाकला. आई, वंदना आणि पांढरी गाडी. वंदनानं माझा गॉगल लावलाय. 'फोटो मी काढला' असंही लिहिलं.

गाडी पूनम चालवते आहे. तिनं जानेवारीतच आरटीओतून परदेशात चालवायचं परमिट काढून ठेवलं होतं. कधी, असं विचारलं. तुम्ही नालीत गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणाली. वंदना शेजारच्या सीटवर बसते.

डाव्या कुशीवर झोप लागली. उजवा गाल भाजला. डावा आहे तसा आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज पंचवीस वर्षं झाली.

सकाळपासून फोन हातात. समुद्र पहिल्यांदा दिसला की गाडी बाजूला घ्यायची आणि म्हणायचं, असं एक वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. वंदना, उशीर झाला, पण आणलं. एवढंच. जास्त बोललं की माझं बिघडतं.

सव्वाचारला व्हिडिओ कॉल आला. आधी आभाळ दिसलं, मग आईचं नाक. आई ओरडत होती, उकंडा, पाह्य तं खरं, केवढं पानी लेका, काठच नाई याले! पूनमनं फोन फिरवला. वंदना घोट्याइतक्या पाण्यात उभी होती. साडी वर धरलेली, पाठ माझ्याकडे. लाट आली की मागे पळायची, लाट गेली की पुढे. एकटीच हसत होती. मी हाक मारली. वारा होता, ऐकू गेली नसेल. पुन्हा मोठ्यानं मारली. खालून गोकुळनं विचारलं, काय पाह्यजे दाजी. मग मी माझं वाक्य म्हणून टाकलं, जसं पाठ होतं तसं. पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. कॉल केव्हाच कटला होता.

मला रडू आलं. लिहितो, कारण कोणी वाचणार नाही. ती समुद्रात उभी होती आणि मी मुगवड्या राखत बसलो होतो. तिच्या पायाखालची वाळू सरकली का, तेही विचारायचं राहिलं.

थोड्या वेळानं मी परत लावला. उचलला नाही. पाण्यात असतील.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी

हवालदार धम्मदीप यांचा फोन. फेरचौकशी लागली म्हणून ते आज वरवटला गेले होते. मी म्हणालो वा वा. ते म्हणाले, वा काय, गावकरी सांगतात तुम्ही परदेशात आहात. फ्लेक्सही पाहिला मी. पासपोर्टच्या चौकशीत मी काय लिहू, की अर्जदार पासपोर्ट नसताना परदेशात गेले? हे प्रकरण कुठं जाईल कळतं का तुम्हाला?

सांगितलं सगळं. मलकापूर, बस, बीबी, गच्ची. साहेब, मी इथं मुगवड्या राखतोय हो, देवाशपथ सांगतो, हवं तर मेव्हण्याला विचारा. ते म्हणाले, उद्या दोन साक्षीदार घेऊन समक्ष हजर व्हा.

त्यानंतर कळलं की फोन भगवानरावांच्या दुकानातून लावला होता, आणि स्पीकरवर होता. उन्हाची वेळ, दुकानात गर्दी असते.

ग्रुपवर सकाळी मी 'समुद्रकिनारी शुभ प्रभात' टाकलं होतं. त्याखाली अजून कोणी काही लिहिलेलं नाही. ते आता काढून उपयोग नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गोकुळच्या दारात भगवानरावांची गाडी. सोबत रहेमतुल्ला. मी माळ्यावर जाऊन बसणार होतो, पण शिडी हलत होती.

वाटलं, आता हे हसतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. दोघं हसले नाहीत. भगवानराव म्हणाले, चाला उकंडभाऊ, घरी चाला, दुकान बंद हाय तुमचं, लोक इचारून राह्यले. रहेमतुल्लानं माझी पिशवी उचलली. शर्ट पाहून एवढंच म्हणाला, फिटिंग बरं आलं बे. पुढची सीट मला दिली. अख्ख्या रस्त्यात पावसाचं, तुरीचं बोलत राहिले. लंका हा शब्द कोणी काढला नाही. मेहकरला चहा पाजला. माझ्या भाजलेल्या गालाकडे दोघंही पाहत नव्हते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ठाण्यात दोघांनी सह्या केल्या, की उकंडराव आणि उदयराज हा एकच इसम आहे. भगवानरावांनी सही करताना नाव दोनदा वाचलं. म्हणाले, आमाले सांगतलं असतं तं त्या दिवशी हवालदाराले 'असा कोनी नाई' कायले म्हटलं असतं भाऊ. गाव तुमचंच हाय.

स्टँडवर फ्लेक्स तसाच आहे. काढा म्हणालो. म्हणाले, वहिनी येईस्तोर राहू द्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी

तिघी आल्या. मी दुकान उघडं टाकून स्टँडवर गेलो. सगळं गाव होतं. तीन हार आणलेले होते. मी बॅगा उतरवल्या.

अशोकवन फार दूर निघालं म्हणून जमलं नाही. आईनं राम महाराजांना प्लास्टिकच्या पिशवीतून समुद्राची वाळू दिली आणि म्हणाली, एकाच देशाची हाय, चालते. महाराजांनी कपाळाला लावली. लोकांनी वंदनाला बोला म्हटलं. ती कधी बोलत नाही. आज फ्लेक्सखाली उभी राहून दहा मिनिटं बोलली. मासेवाले, नारळ, लाटांचा आवाज, पूनमनं पावसात गाडी कशी काढली. बायका हलत नव्हत्या. मी बॅगांपाशी होतो, मागे नीट ऐकू आलं नाही.

पासपोर्टचा मेसेजही आज आला. मंजूर. दहा वर्षं चालतो. मी वंदनाला लगेच सांगितलं, की आता पुढच्या वर्षी नक्की, आपण दोघं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी आमी बायकांचं ठरून राह्यलं, भगवानरावांच्या घरच्या हायेत, रहेमतुल्लाभाऊच्या अमीनाभाभी हायेत. पूनम गाडी चालवीन म्हनते. तुमी घर पाहसान ना?

बरं म्हणालो.

घरी येऊन चहा मी केला. आई झोपली होती, पूनम खामगावला गेली. वंदना बॅग रिकामी करत होती. साड्यांतून वाळू पडत होती आणि ती झाडत नव्हती. चेहरा सावळला आहे तिचा, सगळीकडून सारखा. छान दिसते. मी कप देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडं माझी आठवण आली का.

ती कप धरून विचार करत राहिली. खोटं बोलायला तिला पहिल्यापासून जमत नाही. म्हणाली, आली ना. पह्यल्या दिवशी आली. दुपारवरी.

मग चहा पिऊन आईचं लुगडं भिजवायला न्हाणीत गेली.

म्हणजे आली. नोंद करून ठेवतो.